आर्तेमिओची हुर्यो

कोपर माझं होतं. बरणी बायकोने दिलेली होती, पण ती माळ्याच्या कठड्यावर ठेवण्याची अक्कलही माझीच. शिरक्यात मुरवलेल्या चपट्या कांद्यांची ती बरणी, आमच्या बोर्गाल्तोच्या थिएटरात, ऑपेराच्या तिसऱ्या अंकात, नेमके सगळे श्वास रोखून बसलेले असताना माझ्या कोपराच्या धक्क्याने आडवी झाली. बरणी कठड्यावरच अडली, हे खालच्यांचं नशीब. आतले कांदे मात्र शिरक्यासकट खालच्या मखमली खुर्च्यांवर गेले.

तिथे हॉलंडहून सुट्टीला आलेल्या हॅनेकेबाई बसल्या होत्या. पहिला कांदा त्यांच्या अंबाड्यात रुतला. दुसरा मानेवरून थेट रेशमी झग्याच्या आत उतरला आणि बाईंनी जो सूर लावला, तो त्या दिवशीच्या खेळातला सगळ्यांत वरचा सूर होता. रंगमंचावर टेनर गात होता. टेनर म्हणजे ऑपेराचा नायक. कितीही जाडा असला तरी नायकच. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपला निकाल लागला. त्याने छातीवर हात ठेवला, कमरेत वाकला आणि विंगेत गेला, तो म्हणे बोलोन्याच्या गाडीत बसेपर्यंत थांबलाच नाही.

सगळं थिएटर मान वर करून पाहू लागलं. मी तोवर बुटाची नाडी शोधायला बाकाखाली गेलो होतो. त्यामुळे वर उभा दिसला तो एकटा आर्तेमिओ: चेहरा बिटासारखा लाल, गाल फुगलेले, डोळे खोबणीबाहेर. झालं! आर्तेमिओ गिरार्दीने टेनरवर कांदे फेकले, ही बातमी थिएटरचा जिना त्याच्या आधी उतरली.

तो लाल का होता, हे गावात कुणालाही विचारायची गरज नव्हती. परक्यांना मात्र सांगावं लागतं.

'नावाड्याची सून' हा आमच्या गावच्या एकुलत्या एका संगीतकाराचा एकुलता एक ऑपेरा. मायेस्त्रो बाल्दास्सारे क्रोत्ती यांनी तो लिहिला आणि सगळ्या जगात तो फक्त बोर्गाल्तोत होतो. उरलेल्या जगाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. सप्टेंबरात भोपळे शेतातून घरात आले की जत्रा भरते, आणि जत्रेत हा खेळ. गोष्ट साधी आहे: सून नदीत बुडते, नवरा उशिरा पोचतो. तिसऱ्या अंकात नवरा धुक्यात काठावर उभा राहून हाक मारतो, "ओर्तेन्सियाऽऽऽ!" आणि तिची रिकामी नाव या काठावरून त्या काठाला जाते. नाव पलीकडे लागेपर्यंत तो शेवटचा 'आ' तुटता कामा नये, अशी क्रोत्तींची आज्ञा आहे. नाव दोरीने ओढतात. त्यामुळे कच्च्या दमाचे टेनर गावात उतरल्या उतरल्या आधी दोरीवाल्याला गाठतात, त्याला वाइन पाजतात, आणि मग एरवी म्हशीसारख्या पसरलेल्या आमच्या पो नदीला एकाएकी असा ओघ येतो की नाव काठावर आपटून दोन फळ्या निखळतात.

माळ्यावरच्या मंडळींनी यावर आपला इलाज शोधला होता. माळा म्हणजे थिएटरच्या छपराला टेकलेली लाकडी बाकं. टाचा उचलल्या तर डोकं आपटतं, खाली वाकलं तर टेनरचं टक्कल दिसतं. टेनरने 'आ' लावला की अख्खा माळा त्याच्याबरोबर श्वास रोखतो. टेनरचा दम माळ्याच्या आधी संपला, तर हुर्यो. नाव पळवली, तर दोरीवाल्याची वेगळी हुर्यो. माळ्याचा दम आधी संपला, तर मुकाट्याने टाळ्या. सूर, भाव, अभिनय यांच्याशी माळ्याचं वैर नाही, पण निकालात त्यांना धरत नाहीत. बोलोन्याहून आलेल्या एका प्राध्यापकांनी हा शुद्ध अडाणीपणा असल्याचं आर्तेमिओला तोंडावर सांगितलं होतं. आर्तेमिओ म्हणाला, "अगदी बरोबर. वाइन घेणार थोडी?"

आता माळ्याचा दम म्हणजे खरं पाहता आर्तेमिओचाच दम. बाकीचे आम्ही अर्ध्यावर हळूच नाकाने श्वास चोरायचो आणि त्याच्याकडे बघायचो. वेशीवर त्याचं टायरचं दुकान. जन्म गेला हवा भरण्यात आणि हवा कुठून जाते ते शोधण्यात. गाण्याबद्दलही तो त्याच भाषेत बोलायचा. "व्हॉल्व्ह ढिला आहे याचा." "रबर चांगलं आहे, पण रिममध्ये नीट बसलेलं नाही." एका नामांकित टेनरबद्दल तर तो एवढंच म्हणाला होता, "रिमोल्ड." म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर. स्वतः तो इतका बेसूर, की चर्चमध्ये फादर गाउदेन्झिओंनी त्याला नुसते ओठ हलवण्याची विशेष परवानगी दिली होती. पण दम होता. पोराचा पोहायचा फुगा तोंडाने भरून द्यायचा, पंप शेजारी पडलेला असताना.

माळ्यावर डाव्या अंगाला लोखंडी खांब आहे. त्या खांबाशेजारी त्याचे वडील प्रीमो बसायचे, त्यांच्यानंतर आर्तेमिओ. माळ्यावर बाकांना नंबर नाहीत. जो आधी जिना चढेल त्याची जागा. पण खांबाशेजारी कुणी बसत नसे. दुसऱ्याच्या घरच्या खुंटीवर आपली टोपी कोण टांगतं? त्या जागेवरून उठून त्याने टाळी वाजवलेली मी कधी पाहिली नव्हती. मनाचा कोता होता म्हणून नव्हे. टाळी कधी, तर माळ्याचा दम आधी संपला तर. आणि त्याचा संपतच नसे.

त्याची बायको इओलान्दा शेजारीच बसायची. ती श्वास वगैरे रोखायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी लग्नापासून रोखूनच आहे."

तर, कांद्यांनंतर. हॅनेकेबाई तक्रार करतील म्हणून कमिटीने त्यांच्यासाठी फुलांचा गुच्छ, नवा स्कार्फ आणि डॉक्टर अशी तिन्ही तयारी ठेवली होती. बाईंना कशाचीच गरज पडली नाही. त्यांनी अंबाड्यातल्या कांद्याचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला: 'अखेर खरी इटली सापडली.' पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या बसगाड्या आल्या. खालच्या खुर्च्यांत निम्मे लोक रेनकोट घालून बसले होते, आणि मध्यंतरात एक डेन्मार्कचे आजोबा दारावरच्या बाईला अदबीने विचारत होते, "कांदे कितव्या अंकात असतात?"

पाहुणे गोड माणसं. त्यांना सगळंच आवडतं. पडदा उघडला की टाळ्या, पडदा पडला की टाळ्या. खेळ सुरू होण्याआधी अग्निशामक दलाचा माणूस बादली ठेवायला आला, त्यालाही टाळ्या. त्याने गोंधळून वाकून नमस्कार केला तेव्हा आणखी टाळ्या. इओलान्दा खिडकीत पायजमे वाळत घालते, त्याचेही फोटो निघतात. हल्ली ती चांगलेच पायजमे वाळत घालते, फाटके आत.

ही गंगा वळवून गावात आणली ती ओर्नेल्ला स्कारपारी यांनी. जत्रा कमिटीच्या अध्यक्षा. झेंडे उडवून झेलण्याची आमची जी प्राचीन परंपरा आहे, ती याच बाईंनी एका हिवाळ्यात पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवून घेतली. पाहुण्यांना परंपरा जुनी लागते. ती केव्हापासून जुनी आहे, हे ते विचारत नाहीत. पण बाईंना नावं ठेवायची तर डोकं कोरडं ठेवून ठेवावीत. थिएटरचं छप्पर गळत होतं, ते पाहुण्यांच्या तिकिटांवरच शाकारलं गेलं. त्याआधी पावसाळी खेळाला माळ्यावर छत्री उघडावी लागायची, आणि श्वास रोखून छत्री धरणं सोपं नाही.

तर या ओर्नेल्लाबाई, कांद्यांनंतरच्या दुसऱ्या वर्षी, जत्रेच्या आठवड्यात आर्तेमिओच्या दुकानी आल्या. मी माझ्या सायकलची ट्यूब घेऊन बसलो होतो. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तिथेच असतो.

"आर्तेमिओ, तुम्ही या गावचा वारसा आहात," बाईंनी सुरुवात केली.

"वारसा माणूस मेल्यावर मिळतो, अध्यक्षबाई. घाई का?"

"चेष्टा नको. रविवारी दुपारी खेळ आहे. बसगाड्या भरून लोक येताहेत, आणि ते कशासाठी येताहेत माहितेय? तुमच्या हुर्योसाठी. तिसऱ्या अंकात 'ओर्तेन्सिया' झालं, की तुम्ही उठायचं आणि करायची. एवढंच."

"आणि पोरगा चांगला गायला तर?"

"तर जरा प्रेमाने करा."

आर्तेमिओने टायर बडवायचा हातोडा खाली ठेवला. "माझा दम आधी संपला तर?"

"तुमचा काय संपतोय!" बाई हसल्या. "आणि हे बघा, वेळेत करा. सहाला बसगाड्या सुटतात. ड्रायव्हर लोक ऑपेरा-बिपेरा काही जाणत नाहीत."

"नाही केली तर?"

बाईंनी पर्समधून रुमाल काढून स्टूल पुसलं आणि बसल्या. वाईट बातमी त्या नेहमी बसून देतात. "पुढच्या वर्षीपासून माळा पाहुण्यांना द्यायचं कमिटीत ठरतंय. 'माळ्याचा अनुभव' असं नाव आहे. प्रत्येकाला एक उशी, एक पेला लाम्ब्रुस्को वाइन आणि कांद्याची छोटी बरणी."

बरणी म्हटल्यावर आर्तेमिओने माझ्याकडे पाहिलं. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतो.

"तुमची जागा मात्र राहील," बाई म्हणाल्या. "खांबाजवळची. तुमच्या नावाची पितळी पाटी लावू. पण तुम्ही कमिटीसाठी हुर्यो करणार असाल तर. नाहीतर मी एकटी कमिटीपुढे काय बोलू? खांब फोटोला फार छान आहे, त्यावर आधीच सगळ्यांचा डोळा आहे."

आर्तेमिओ "बघू" म्हणाला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पण त्याने ते इतक्या खालच्या आवाजात म्हटलं, की मला पहिल्यांदाच त्याचा अर्थ लागेना.

घरी इओलान्दाने भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली वाढता वाढता त्याची समजूत काढली. मी पंगतीला होतोच.

"जन्मभर फुकट ओरडलास. आता उशी मिळतेय तर ओरडायला काय झालं?"

"मनात यायचं म्हणून ओरडायचो."

"मनात आणायला कितीसा वेळ लागतो रे? टेनर जाडा आहे म्हणून ओरड. मिशा आवडल्या नाहीत म्हणून ओरड. माझ्यावर ओरडतोस तेव्हा कुठे कारण लागतं?"

"तू गात नाहीस, इओलान्दा."

"तेवढं एक नशीब तुझं." तिने त्याच्या ताटलीत आणखी दोन टाकले आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "जागा गेली तर कुठे बसणार आहेस? खाली? मखमलीवर? तुला तिथे झोप लागेल."

त्याला खरंच धसका होता तो जागेचा. खांबाला टेकून, वडिलांच्या बुडाने खळगा पडलेल्या बाकावर बसायचं, एवढीच त्याची वर्षभराची चैन होती. समुद्रावर तो कधी गेला नाही. वाळूत टायर रुततात म्हणायचा. ती जागा ठेवायची तर खोटी हुर्यो करायची, आणि खोटी हुर्यो करायची तर त्या जागेवर बसून करायची. त्याचं घोडं अडलं होतं ते इथे.

शनिवारी त्याचं दुःख दुप्पट करायला टेनरच दुकानात आला. कालाब्रियाचा साव्हेरिओ नावाचा पोरगा, मानेला मफलर, हातात सायकल. सायकलच्या चाकात हवा अगदी ठणठणीत होती.

"सिन्योर आर्तेमिओ, एक विनंती होती. उद्या जरा जोरात कराल ना?"

"काय?"

"हुर्यो. माझा एजंट म्हणतो, बोर्गाल्तोत ज्याची हुर्यो उडते त्याचं नाव पेपरात येतं. मागच्या वर्षीच्या टेनरला तुम्ही काही केलंच नाहीत. पाहा, त्याला वर्षभर काम नाही."

"तो चांगला तरी गायला होता. माझ्या आधी जेमतेम संपला, म्हणून मी खोकल्यावर भागवलं."

"तेच ना! चांगलं गाऊन कोण विचारतं?" पोराने हात जोडले. "तुम्ही मनापासून केलीत तर माझं पुढचं वर्ष मार्गी लागेल."

आर्तेमिओचा आवाज चढला. "हुर्यो म्हणजे काय पंक्चर आहे का रे बाळा, सांगितलं की काढून द्यायला? चल, हो बाहेर. आणि ती मागच्या चाकातली हवा कमी कर, फुटेल."

तिकडे कमिटीने फादर गाउदेन्झिओंच्या सभागृहात पाहुण्यांसाठी 'हुर्यो कार्यशाळा' ठेवली होती. शिकवायला आर्तेमिओला बोलावलं होतं. तो आला नाही, म्हणून व्यायामशाळेच्या मास्तरांना उभं केलं. पाहुणे भिडस्त. पहिल्या फेरीत डेन्मार्ककर इतक्या हळू 'बूऽ' म्हणाले, की बाहेर कुणाचं तरी बाळ रडतंय वाटून दोन बायका खिडकीशी आल्या. मास्तर ओरडले, "पोटातून! पोटातून! शेजाऱ्याने तुमच्या दारात गाडी लावलीय असं समजा!" त्यानंतर मात्र जमलं. शेवटी सर्वांना शिक्का मारलेली सर्टिफिकेटं मिळाली. हॅनेकेबाई पहिल्या आल्या.

रविवार उजाडला. माळ्यावर आम्ही आपापल्या जागी. आर्तेमिओ खांबाशेजारी, लग्नातला कोट घालून. इओलान्दा त्याच्या उजवीकडे, आणि मी मागे. बायकोने कांद्याची बरणी दिलीच होती, पण मी ती मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. खाली रेनकोट चकाकत होते. ओर्नेल्लाबाई पहिल्या रांगेत, हातात घड्याळ.

पहिले दोन अंक साव्हेरिओ बरा गायला. त्याला कसली भीतीच नव्हती. एरवी आमच्याकडे येणारे टेनर तिसऱ्या अंकाच्या विचाराने पहिल्या अंकापासून घामाघूम असतात. याची हुर्यो ठरलेली होती, त्यामुळे पोरगा निवांत होता. परीक्षेत नापास होणं नक्की असलं की माणूस पेपर कसा मोकळ्या मनाने लिहितो, तसा तो गात होता.

तिसरा अंक. धुकं आलं, कमिटीच्या नव्या यंत्रातलं, जरा जास्तच आलं. साव्हेरिओ काठावर उभा राहिला. "ओर्तेन्सियाऽऽऽ!"

आम्ही श्वास रोखले. नाव निघाली.

इथे एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी दोरीवाल्याला रजा दिलेली होती. वाइन पिऊन नदी पळवण्याची भानगडच नको, म्हणून बाईंनी नावेला विजेची मोटर बसवून घेतली होती. नाव ऐटीत अर्ध्या नदीपर्यंत गेली, खर्रर्र असा आवाज झाला आणि मधोमध थांबली.

पोराने नावेकडे पाहिलं. नाव त्याच्याकडे पाहत होती. 'आ' चालू होता. बंद करावा तर नाव पलीकडे लागलेली नाही. आणि क्रोत्तींची आज्ञा मोडणारा टेनर व्हायला तो काही आला नव्हता, तो फक्त हुर्यो घ्यायला आला होता. तो तसाच गात राहिला. वादकांचं वाजवून संपलं, त्यांनी हात खाली ठेवले, आणि थिएटरात तो एकटा 'आ' उरला, धुक्यातून येणारा. खरं सांगतो, त्या क्षणी मला प्रथमच ती ओर्तेन्सिया कुणीतरी बाई होती असं वाटलं. एरवी ती आम्हाला मोजपट्टीच.

माझा श्वास कधीच सुटला होता. माळ्यावर एकेकाचे सुटत होते, फुसफुस आवाज येत होते, जणू खिळ्यांवरून गाड्यांची रांग चालली आहे. फक्त आर्तेमिओ उरला. लाल झाला, जांभळा झाला. एका हाताने त्याने खांब धरला होता. इओलान्दा त्याच्याकडे वळून कुजबुजली, "सोड रे, सोड! मरशील!" त्याने मान हलवली. खाली विंगेतून एक जण पोटावर सरपटत आला आणि काठीने नाव ढकलू लागला. नाव इंचाइंचाने सरकू लागली. 'आ' थोडा कापला, पण तुटला नाही.

आणि मग खांबाशेजारून असा आवाज आला, की ट्रकचं टायर गेलं असावं. आर्तेमिओचा दम सुटला होता. तो बाकावर कोसळून धापा टाकत होता. नाव काठाला लागली. मगच साव्हेरिओने तोंड मिटलं.

पाहुणे मान वर करून वाट बघत राहिले. ओर्नेल्लाबाई वर बघून हाताने खुणा करत होत्या: उठा, उठा! आर्तेमिओला उठताच येत नव्हतं. टाळी वाजवायला त्याने हात वर केले, तेही अर्ध्यावरून खाली आले.

वरून काही येईना म्हटल्यावर पाहुण्यांनी आपली जबाबदारी ओळखली. हॅनेकेबाई उठल्या. पोटातून, शिकवल्याप्रमाणे, "बूऽऽऽ!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, गाणं ऐकून रडल्या होत्या आणि रडत रडत हुर्यो करत होत्या. मग डेन्मार्ककर उठले, मग सगळेच. सर्टिफिकेटवाल्यांची ती हुर्यो छपराच्या नव्या कौलांपर्यंत आली. आणि साव्हेरिओ, जन्मात कधी गायला नव्हता असं गाऊन उभा असलेला साव्हेरिओ, आनंदाने वाकून वाकून ती स्वीकारत होता.

तेवढ्यात आर्तेमिओला श्वास मिळाला. तो उठला, कठड्यावर अर्धा ओणवा झाला, इओलान्दाने मागून त्याचा कोट धरला, आणि तो खालच्या मखमलीकडे बोट करून गरजला, "बूऽऽऽ! तुमची! तुमची सगळ्यांची! कान आहेत की टोपी अडकवायच्या खुंट्या? पोराने मला हरवलंय! टाळ्या वाजवा, गाढवांनो!" आणि त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माळा उठला. आम्ही बाकं बडवली.

पाहुण्यांचा आनंद काय सांगावा! ज्यासाठी पैसे भरले ते अखेर वरून आलं होतं. सगळे उभे राहिले आणि टाळ्यांचा पाऊस पडला, पण तोंडं सगळी माळ्याकडे. साव्हेरिओकडे सगळ्यांची पाठ. तो बिचारा वर बघून आर्तेमिओला हात जोडत होता. ओर्नेल्लाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अप्रतिम! आणि वेळेतही."

सगळे जिना उतरत होते, तेव्हा हॅनेकेबाई धापा टाकत उलट्या वर आल्या. तीन जत्रांत बाई आमची भाषा बऱ्यापैकी बोलायला शिकल्या होत्या. "सिन्योर, तो वाईट गायला का?"

"नाही बाई. असा मी कुणी ऐकला नाही."

"मग आम्ही हुर्यो का केली?"

"सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे. मला काय विचारता?"

बाई पायरीवरच बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी इथे वर बसले तर?"

"लवकर येऊन जिना चढायचा," आर्तेमिओ म्हणाला, "आणि श्वास रोखायचा. उशी मिळणार नाही."

मंगळवारी कमिटीने खांबाशेजारी पितळी पाटी बसवली: 'आर्तेमिओ गिरार्दी, हुर्यो.' बुधवारी आर्तेमिओ दुकानातला पाना घेऊन गेला, पाटी काढली आणि ओर्नेल्लाबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. स्क्रूसुद्धा कागदात बांधून.

"आता तरी काय झालं?" बाई कळवळून म्हणाल्या. "तुम्ही तर फार छान केलीत!"

"मी केली नाही. ती आली."

"मग पुढच्या वर्षीही येऊ द्या!"

"आली तर येईल. मात्र पाटी बघून ती येत नाही."

"पण पाटी नसेल तर जागाही तुमची नसेल, आर्तेमिओ. मी आधी सांगितलंय. माळा पाहुण्यांना जाणार."

"जाऊ द्या ना. माळ्यावर जागा कुणाच्याच बापाची नसते," आर्तेमिओ म्हणाला. मग स्क्रूंची पुडी पुढे सरकवून, "माझ्या बापाचीही नव्हती. तो लवकर यायचा."

एवढं बोलून तो आला खरा, पण दुकानात पोचल्यावर टायरवर बसून राहिला. त्याचे गुडघे कुरकुरतात हे गावाला ठाऊक आहे. पुढच्या सप्टेंबरात तो जिना पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून, रेनकोटांच्या गर्दीत चढायचा, तोही खांब आधीच कुणी डेन्मार्ककराने धरलेला नसला तर. मी माझी ट्यूब घ्यायला गेलो होतो. त्याचा तो चेहरा मला बघवेना, म्हणून ट्यूब हातात घेऊन उगाच विचारलं, "काय रे आर्तेमिओ, पुढच्या वर्षी येशील ना माळ्यावर?"

त्याने ट्यूबवरच्या ठिगळावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तू कांदे घरी ठेवून येणार असशील तर."